डेल्सीमावशीनं टेकडी का दिली

सकाळची गोळी घेतली की डेल्सी नेपियरला गुंगी यायची आणि त्या गुंगीत ती रोज टेकडी चढायची. पाय तर केव्हाचेच दगा देऊन बसले होते. शरीर हॉस्पिटलच्या खाटेवर, मोडलेल्या खुब्याला आधार, उशाशी पाण्याचा पेला. पण डोळे मिटले की ती आपल्या घराच्या मागच्या दारानं बाहेर पडायची, कोंबड्यांचं रिकामं खुराडं ओलांडायची आणि झाडांतून वर जाणारी पायवाट धरायची. धुकं असायचंच. मिल्करॉक ओढ्याच्या खोऱ्यात सूर्य उशिरा उगवतो आणि धुकं त्याच्याही मर्जीनं उठत नाही. अर्धी चढण झाली की ते कमरेपर्यंत उतरायचं, मग गुडघ्यापर्यंत, आणि माथ्यावर पोचलं की खालचं सगळं जग, घरं, रस्ता, पुरानं वाकवून ठेवलेला पूल, कुणीतरी पांघरूण घातल्यासारखं दिसेनासं व्हायचं. वर नुसतं गवत, कोवळं ऊन आणि थडग्यांचे दगड. डेल्सी तिथं बसायची. वारा यायचा, जायचा.

मग नर्स येऊन दंड हलवायची. "मावशी, लापशी गार झाली. कुठं गेला होता?"

"इथंच तर होते गं," डेल्सी म्हणायची, आणि गारढोण लापशी निमूटपणे खायची.

नर्स तिच्या नात्यातली नव्हती, पण केंटकीच्या या डोंगराळ टोकाला डेल्सीला सगळेच मावशी म्हणत. नात्यानं बघायला गेलं तर निम्म्या खोऱ्याची ती कुठून ना कुठून मावशी लागायची. उरलेल्या निम्म्याला तिनं कधी ना कधी जेवायला घातलं होतं. वय चौऱ्याऐंशी. नवरा कार्टर तरुणपणीच कारखान्यात काम करायला ओहायोला गेला, तिथंच राहिला आणि तिथल्याच मातीत गेला. तिला त्यानं किती वेळा बोलावलं. ती गेली नाही. का गेली नाही ते खोऱ्यातल्या जुन्या माणसांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल कुणी बोलत नसे. टेकडीच्या माथ्यावर तिची एकुलती एक लेक होती. ओपल. वयाच्या सातव्या वर्षी तापानं गेली. ओढा गोठलेला, रस्ता बंद, चर्चच्या दफनभूमीपर्यंत पोचायची सोय नाही, म्हणून कार्टरनं आणि शेजाऱ्यांनी तिला घरामागच्या टेकडीवरच पुरलं. पन्नासावर वर्षं ती पोर तिथं एकटी होती.

फेब्रुवारीत डेल्सी स्वयंपाकघरात पडली. संध्याकाळी तिची भाची रोंडा डबा घेऊन आली तेव्हा मावशी जमिनीवर, आणि चुलीवरच्या पातेल्यातला घेवडा जळून कोळसा. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, आता एकटीनं राहायचं नाही. रोंडा दिवसभर दुकानात उभी असते, राहते एका खोलीच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, तिथं चाकाची खुर्ची दारातून आत येत नाही. म्हणजे उरलं कौंटीच्या मुख्य गावातलं नर्सिंग होम, म्हाताऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळणारं. त्यात काही लाजायचं नव्हतं, खोऱ्यातल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी शेवटी तिथं जाऊन राहिलेलंच आहे. पण तिथल्या एका खाटेचं महिन्याचं भाडं ऐकलं तर धडधाकट माणूसही खाट धरेल. ते भाडं सरकार भरतं, मेडिकेड योजनेतून, जर माणसाकडे स्वतःचं काही उरलं नसेल तर. डेल्सीकडे जुनं घर होतं, त्याला हात लावत नाहीत. बाकी पेन्शनीचे चार पैसे आणि रजयांचा ढीग. अर्ज मंजूर व्हायला काही अडचण नाही, असं सगळ्यांना वाटलं.

इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. आणि का खाल्ली ते सांगण्याआधी आमच्याकडची देण्याघेण्याची रीत सांगायला हवी.

आमच्याकडे वस्तू देताना तिची निंदा करतात. दोऱ्यात ओवून वाळवलेल्या शेंगांची माळ कुणाच्या हातात ठेवायची तर म्हणायचं, "घेऊन जा बाई, नाहीतरी उंदरं खातील." सहा महिने खपून शिवलेली रजई नव्या सुनेला द्यायची तर म्हणायचं, "जागा अडवून बसलीय मेली." कुणी आभार मानायला लागलं की हात झटकायचा, जणू माशी बसलीय. देणाऱ्यानं देण्याचं नाव काढलं तर घेणारा मिंधा होतो, आणि मिंध्या माणसाला आमच्या डोंगरात मान वर करता येत नाही. बाहेरच्यांना हे ढोंग वाटतं. वाटू दे. आम्ही यालाच चांगली चालरीत म्हणतो, आणि या चालरीतीत डेल्सी नेपियरचा हात धरणारं खोऱ्यात कुणी नव्हतं. आपण कुणाचं भलं केलं असं कबूल करण्यापेक्षा तिनं चोरी कबूल केली असती.

मदत कार्यालयातून चौकशीला आलेली मुलगी, ब्रिटनी कॉडिल, पलीकडच्याच खोऱ्यातली. गुणी पोर. खाटेजवळ खुर्ची ओढून बसली, आधी मावशीच्या खुब्याची विचारपूस केली, मग मांडीवर कागद घेतले.

"मावशी, गेल्या पाच वर्षांत कुणाला काही दिलंत का? पैसे, जमीन, गाडी?"

"माझ्याकडे काय असणार गं द्यायला?"

"नोंदीत दिसतंय, टेकडीचा माथा चर्चच्या पंचांच्या नावे केलात. पुराच्या वर्षी."

"हां, ती होय! ती कसली जमीन, नुसता दगडधोंडा."

"का दिलीत?"

त्या प्रश्नानंच डेल्सीला अवघडल्यासारखं झालं. गुंगी अजून पुरती उतरली नव्हती, खिडकीबाहेर धुकं होतं, आणि ही शहाणी मुलगी तिच्याकडून तिचंच कौतुक वदवून घ्यायला बसल्यासारखी दिसत होती. तिनं माशी झटकली.

"मला काय तिचा उपयोग? म्हटलं, मी आता दोन दिवसांची सोबती. आज ना उद्या होममध्येच जायचंय, तिथं काय टेकडी उशाला घेऊन झोपू?"

ब्रिटनीचं पेन थबकलं. "मावशी, नीट विचार करून सांगा हं. हे मला लिहावं लागेल."

"लिही की! खरं तेच सांगतेय."

खाटेच्या पायगतीशी बसलेल्या रोंडानं कपाळावर हात मारला.

नियम असा की पाच वर्षांच्या आत माणसानं काही देऊन टाकलं असेल, तर सरकार विचारतं का दिलं. आधी सगळं वाटून टाकायचं आणि मग हात पसरायचा, असं करणारे असतात, त्यांच्यासाठी तो नियम. मदतीशी संबंध नसलेलं काही कारण होतं हे पटवून दिलं तर ठीक. नाहीतर दिलेल्या वस्तूच्या किमतीत होमचे जितके महिने निघाले असते, तितके महिने सरकार हात वर करतं. डेल्सीच्या तोंडचं वाक्य तर असं की सरकारी वकिलालाही याहून नेमकं सुचलं नसतं. होममध्ये जायचं होतं म्हणून दिली!

वर किमतीचा तिढा. पुराआधी ती टेकडी कुणी फुकट घेतली नसती. पण ओढ्यानं एकदा घरंदारं धुऊन नेली आणि उंचावरच्या जागेला सोन्याचा भाव आला. बाहेरचे लोक येऊन माथ्यामाथ्यांवर सुट्टीची घरं बांधायला लागले. डेल्सीनं जमीन दिली ती पुरानंतर, म्हणून हिशेब पुरानंतरच्या भावानं. त्या भावात दीड वर्षाहून जास्त महिने बसत होते. हॉस्पिटल तर महिनाअखेर खाट रिकामी करा म्हणत होतं.

"यावर एक उपाय आहे," ब्रिटनी दुसऱ्या वेळी आली तेव्हा हळूच म्हणाली. "जमीन परत तुमच्या नावावर झाली तर दंड उठतो. पण मग ती विकून त्यातून होमचा खर्च करावा लागेल."

ही बातमी खोऱ्यात पोचायला दुपारसुद्धा लागली नाही. तिसऱ्या प्रहरी हर्शल स्टेसी हॉस्पिटलात हजर. उंच, वाकलेला, पूर्वी खाणीत होता, छातीत अजून कोळसा वाजतो. टोपी काढून दाराशीच उभा राहिला.

"डेल्सी, घे ती टेकडी परत. पंचांशी बोललोय मी. ब्रदर एल्मरही हो म्हणतायत."

"आणि ग्लेनाला काय खिशात घालून नेशील?"

ग्लेना त्याची बायको. तीही त्या टेकडीवरच होती.

त्याचं असं झालं. त्या उन्हाळ्यात ओढा घरात शिरला त्याच आठवड्यात ग्लेनाचं हृदय थांबलं. बुडून नाही, धसक्यानं. आणि तिला ठेवायला कोरडी जागा म्हणून कुठं उरली नव्हती. चर्चची दफनभूमी ओढ्याकाठची. पाणी तिथून गेलं ते दगड आडवे पाडून आणि जमीन कोरून. कुणाचे आईबाप कुठं गेले ते शोधायला माणसं चिखलात फिरत होती. हर्शल पाच दिवस त्याच चिखलाच्या कपड्यांत चर्चच्या पायरीवर बसला होता. डेल्सी पाचव्या दिवशी काठी टेकत कशीबशी तिथवर गेली होती. तिला तो सगळा दिवस आता स्वप्नात पाहिल्यासारखा आठवायचा. झाडांच्या शेंड्यांना अडकलेले पडदे, रस्त्यात पालथा पडलेला पियानो, आणि इतकी शांतता की लांबवर थेंब पडला तरी ऐकू यावा. ती हर्शलच्या शेजारी बसली. मग ती म्हणाली, "माझी टेकडी पडलीय रिकामी. घुशी पोसून कंटाळलेय मी. घेऊन टाका."

ग्लेना ओपलच्या शेजारी गेली. मग आणखी काही जण. पंचांनी कुंपण घातलं, वर गाडी जाईल अशी वाट केली. मे महिन्याच्या शेवटी थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस असतो, त्या दिवशी आता सगळं खोरं माथ्यावर चढतं. गवतावर लांबच लांब टेबलं लागतात, कोंबडी, मक्याचा पाव, वाळल्या सफरचंदांचा थरांचा केक. एक जण प्रार्थनागीताची ओळ सांगतो आणि बाकीचे ती लांबवून गातात, आणि आवाज खाली ओढ्यापर्यंत उतरत जातो. पोरं थडग्यांमधून लपाछपी खेळतात. डेल्सीला दरवर्षी गाडीतून वर नेत, सावलीत बसवत, आणि जो तो येऊन म्हणे, "मावशी, तुमचे उपकार." ती हात झटके.

"एकदा दिलं ते दिलं," ती हर्शलला म्हणाली. "उद्या ते घरं बांधणारे कुंपणापर्यंत येतील. तुम्हाला फुलं ठेवायलासुद्धा त्यांची परवानगी मागावी लागेल. मी घरी जाते. आजवर राहिले तशी राहीन."

"आणि पुन्हा पडलीस म्हणजे?"

"जमीन काय ओळखीची नाही माझ्या?"

"सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही तुझा!" हर्शल चिडून म्हणाला आणि टोपी घालून निघून गेला. लिफ्टपाशी पोचेपर्यंत त्याला खोकल्यानं वाकवलं.

रोंडानं अपील केलं. सुनावणी कोर्टाच्या इमारतीतल्या एका लहान खोलीत होती. सुनावणी घ्यायला राजधानीहून मिसेस व्हिटेकर आल्या होत्या, पिकल्या केसांच्या, हलक्या आवाजाच्या. डेल्सीला चाकाच्या खुर्चीवरून आणलं होतं. खोलीत ऊब होती, भिंतीवरचा पंखा संथ फिरत होता, आणि तिचं मन सारखं खिडकीतून बाहेर सटकत होतं. रोंडानं साक्षीदारही आणले होते. मावशीचा चांगुलपणा साऱ्या खोऱ्याला माहीत, मग काळजी कसली, असा तिचा हिशेब.

पहिला हर्शल उठला.

"जमीन देताना बाई तुम्हाला काय म्हणाल्या?" मिसेस व्हिटेकरनी विचारलं.

हर्शलनं टोपी हातात फिरवली. त्याला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा मोठा दोष. "म्हणाली, घुशी पोसून कंटाळलेय, घेऊन टाका."

"म्हणजे त्यांना नकोच होती?"

"तोंडानं तसंच म्हणाली. पण तसं नव्हतं!"

"मग कसं होतं?"

हर्शलनं खूप विचार केला. "ते काही तिनं सांगितलं नाही."

मग चर्चचे उपदेशक, ब्रदर एल्मर. ते शपथ घेत नाहीत, त्यांच्या पंथात फक्त खरं सांगायचं असतं. दुर्दैवानं त्यांनी ते सांगितलं. "पंचांच्या बैठकीत मी तिचे जाहीर आभार मानले. तेव्हा ती म्हणाली, आभार कसले, मी आता होमच्या वाटेला लागलेली बाई, टेकडीचं ओझं कोण वाहणार."

"झालं!" रोंडा पुटपुटली.

आणखी दोघींची साक्ष झाली. एकीला डेल्सी म्हणाली होती, त्या जमिनीत गवतसुद्धा धड उगवत नाही. दुसरीला म्हणाली होती, तेवढीच पट्टी भरायची कटकट गेली. चार भल्या माणसांनी चार खऱ्या गोष्टी सांगून डेल्सीचं गाडं चिखलात पार रुतवून टाकलं. प्रत्येक जण आपल्या जागेवर परत बसताना अपराध्यासारखा खाली बघत होता. ब्रिटनी कोपऱ्यात आपल्या नखांकडे पाहत होती.

"मिसेस नेपियर," मिसेस व्हिटेकर म्हणाल्या, "तुम्हाला काही सांगायचंय? ही सगळी माणसं सांगतायत तुम्ही दयाळू आहात. तुम्ही स्वतः मात्र एकदाही तसं म्हणालेला नाहीत. लोकांवर संकट आलं म्हणून तुम्ही जमीन दिलीत का? एवढंच म्हणालात तरी मला नोंद घेता येईल."

रोंडा तिच्या कानाशी वाकली. "मावशी, हो म्हण. फक्त हो म्हण."

डेल्सीनं तोंड उघडलं. हो म्हणणं सोपं होतं. एका शब्दात खाट मिळत होती, टेकडी राहत होती, सगळे सुखानं घरी जात होते. पण तो शब्द जिभेवर येईना. हे नुसत्या चालरीतीमुळं नव्हतं. तो शब्द खोटा होता, आणि हे त्या खोलीत फक्त तिला एकटीला ठाऊक होतं. समोर हर्शल बसला होता. गेली चार वर्षं हा माणूस तिच्या दाराशी लाकडं आणून टाकत होता, अंगणातला बर्फ काढत होता, त्या टेकडीपायी.

"नाही," ती म्हणाली.

रोंडानं डोळे मिटून घेतले.

"मी त्यांच्यासाठी नाही दिली. ही माणसं उगाच माझं नाव घेतात. मला आधीच बोलायला हवं होतं." तिचा आवाज इतका बारीक होता की मिसेस व्हिटेकर पुढं झुकल्या. "माझी पोर आहे वर. ओपल. मी रोज संध्याकाळी जायचे तिच्याकडे. पाऊस असो, बर्फ असो. जरा वेळ बसायचे, बोलायचे, दिवसभराचं काय ते सांगायचे. त्या वर्षी पाय गेले. पुराच्या आधीच. वसंतात एकदा निघाले आणि अर्ध्या वाटेवरून रांगत खाली आले. मग मी मागच्या दारात उभी राहायचे आणि वर बघायचे."

तिनं खिडकीबाहेर पाहिलं आणि पुढं सांगितलं.

"तिला एकटीला झोप यायची नाही. लहानपणापासून. पलीकडच्या खोलीत कुणीतरी बोलत असलं तरच डोळा लागायचा. मी आणि तिचा बाप गप्प झालो की हाक मारायची, 'बोला ना!' मग आम्ही आपले बोलायचो, काहीही. कोंबड्यांबद्दल, ओढ्याबद्दल. ती झोपेपर्यंत. तिच्यासाठी मी ओहायोला नाही गेले. आणि मग मलाच वर जाता येईना. तर हा हर्शल दिसला पायरीवर बसलेला." आता तिनं हर्शलकडे पाहिलं. "मला तुझी कीव आली नाही रे. मला वाटलं, ग्लेना गेली तर वर माणसं येतील. गवत कापतील, जेवतील, बोलतील. माझ्या पोरीला सोबत होईल. तुझी बायको मेली आणि मी माझा स्वार्थ बघितला. होमबिम काही नव्हतं माझ्या डोक्यात. आणि चांगुलपणाही नव्हता."

तिनं हातांनी तोंड झाकलं. इतक्या वर्षांत खोऱ्यानं तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि आता सगळं खोरं तिथंच बसलं होतं.

मिसेस व्हिटेकरनी चष्मा काढला. बराच वेळ त्या तो पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणखी साक्ष नको."

हर्शल उठला आणि बाहेर गेला. डेल्सीनं ते बोटांच्या फटीतून पाहिलं. हेच तर तिला नको होतं.

निकाल लवकर आला. जमीन मदत मिळवण्याच्या हेतूनं दिलेली नाही, दंड नाही, खाट मंजूर. रोंडानं ते वाचून दाखवलं तेव्हा डेल्सीनं नुसती मान हलवली. ती होममध्ये आली, खिडकीजवळची खाट मिळाली. खिडकीतून गाड्या लावायची जागा आणि एक मेपलचं झाड दिसायचं, टेकडी नाही. गोळीनंतरची गुंगी इथंही यायची. पण आता ती पायवाटेला लागली की मध्येच धुकं दाटायचं आणि वर पोचणं व्हायचं नाही. तिला वाटायचं, वर निजलेल्यांनाही कळलं असेल, ही बाई आपल्याला कशासाठी घेऊन आली ते. हर्शल सुनावणीनंतर एकदाही आला नव्हता. "त्याची छाती ठीक नाही," रोंडा म्हणायची. डेल्सी विचारायची नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती डोळे मिटून पडली होती. त्या दिवशी सगळे टेकडीवर असणार, आणि ती पहिल्यांदाच नव्हती. जेवणाच्या वेळेनंतर दारात खोकला ऐकू आला.

हर्शल होता. स्वच्छ सदरा, बुटांना माती, हातात फडक्यानं झाकलेली थाळी. खुर्ची ओढून तो बसला. थाळीत केकचा तुकडा होता, प्रवासात जरा कलंडलेला.

"खा. नाहीतरी कुत्र्यालाच घालणार होतो," तो म्हणाला.

डेल्सीनं केकला हातही लावला नाही.

"रागावून गेलो नव्हतो मी त्या दिवशी," हर्शल टोपीकडे बघत म्हणाला. "बायाबापड्यांसमोर रडायची सवय नाही मला, म्हणून बाहेर गेलो. मग दुसऱ्या दिवशी लाज वाटली. मग रोजच वाटायला लागली. असं करत दिवस गेले."

"मी तुझ्या ग्लेनाला कामाला लावलं रे," डेल्सी म्हणाली. "तुला न विचारता."

"तेच सांगायला आलोय." त्यानं घसा साफ केला. "आज सगळे जेवायला बसले तेव्हा मी त्या दोघींपाशी थांबलो. विचार करत होतो. डेल्सी, तू ग्लेनाला ओळखत होतीस ना? ती बाई स्वयंपाक करताना बोलायची, जेवताना बोलायची, झोपेत बोलायची. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना मला चिमटे काढून बोलायची. त्रेचाळीस वर्षं मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही तिनं. अख्ख्या खोऱ्यातून तू निवडलीस तर कोण निवडलीस! आता मेली म्हणून गप्प बसली असेल असं वाटतं का तुला?"

डेल्सीच्या ओठांचा कोपरा हलला. "कशाबद्दल बोलत असेल?"

"माझ्याबद्दल. दुसरा विषय काय तिला? कागाळ्या चालल्या असतील. चार वर्षं झाली, अजून पहिलं वर्षसुद्धा संपलं नसेल सांगून." तो थांबला, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "तुझी पोर पहिल्याच दिवशी गाढ झोपली असेल बघ."

डेल्सी हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं, आणि या वेळी तिनं तोंड झाकलं नाही. हर्शलनं तिचा हात धरला नाही, आमच्याकडे तसं करत नाहीत. तो केकवरचं फडकं नीट घडी करत बसला आणि वर आज कोण कोण आलं होतं, कुणाचं पोर केवढं झालं, गवत कुणी कापलं, ते एकेक करून सांगायला लागला. ती ऐकत राहिली.

"हर्शल," बऱ्याच वेळानं ती म्हणाली.

"काय गं?"

तिनं हात झटकायला उचलला होता. तो तसाच खाली ठेवला.

"उपकार झाले रे तुझे," डेल्सी म्हणाली.